दरेकशाला नेलेलं तेल

दरेकशाला लोक हाजरा धबधबा पाहायला जातात. मी भावाला पाहायला गेली. एकच भाऊ, मोठा. पोटात पाणी भरलं होतं, डॉक्टरनं घरी न्या म्हटलं. वहिनीचा फोन आला तेव्हा मी तांदूळ निवडून राहिली होती. सूप तसंच टाकलं आणि चर्चच्या पाळकांकडे गेली.

मी चौथी शिकली. हा ब्लॉग पोरीनं उघडून दिला, काना-मात्रा तीच पाहते. आमच्या मंडळीतल्या ज्या बहिणी माहेरी येशूचं नाव सांगायला जायचा विचार करून राहिल्या, त्यांच्यासाठी लिहिते. जाण्याआधी वाचा.

बारा वर्षं झाली मला बाप्तिस्मा घेऊन. माहेरचं कोणी येशूकडे आलं नाही. पाळकांनी माझ्या तिळाच्या तेलाच्या बाटलीवर हात ठेवून प्रार्थना केली. म्हणाले, भावाच्या कपाळाला लावा आणि येशू माझा प्रभू आहे, एवढं त्याच्या तोंडून येऊ द्या. मला वाटलं, एका वाक्याचं तर काम आहे.

आमच्या गोरेगाववरून, मुंबईचं नाही, गोंदियाला एसटी. बायकांना अर्धं तिकीट, पण सकाळी कॉलेजच्या पोरांची गर्दी, जागा मिळत नाही. गोंदियावरून डोंगरगडकडची पॅसेंजर. तिकीट चहा-समोशाएवढं. पण मालगाडी आली की आपली गाडी बाजूला उभी. तासाभराच्या रस्त्याला अडीच तास लागले. पाणी घरूनच घ्या. आमगावला समोसेवाला चढतो, गरम असेल तरच घ्या.

बाजूला एक म्हातारी होती, डोंगरगडला देवीकडे जाऊन राहिली होती. भाऊ आजारी आहे कळल्यावर म्हणाली, "एक नारियल तेरे भाई के नाम से चढ़ा दूँ?"

"नको."

"पैसा नहीं माँग रही, बाई."

"हम नहीं मानते."

"तू मत मान. बीमार तो भाई है."

मी खिडकीकडे तोंड केलं. सालेकसा गेलं की जंगल लागते, डोंगर जवळ येतात. पाहण्यासारखं आहे म्हणतात. मी पाहिलं नाही, मनात त्या एका वाक्याची तयारी करून राहिली होती.

दरेकसा स्टेशन लहान आहे. रविवारी धबधब्याची गर्दी असली तरच ऑटो मिळतो. मी चालत गेली. बांध्यांमध्ये धान कापून पडलं होतं, बायका भारे बांधून राहिल्या होत्या.

दादा ओसरीत खाटेवर होता. हात काड्या झालेले, पोट मोठं.

"आली का माझी पाद्रीण? काऊन एवढा उशीर?"

"मालगाडीले विचार."

वहिनीनं पिशवी घेतली. मी हातपाय धुतले. भात, लाखोरीची डाळ, वांगं जेवली. मग पिशवीत हात घातला. केळी होती, बिस्किटं होती, बाटली नव्हती.

"वहिनी, तेल कुठं आहे?"

"लावलं ना."

देवाजवळ दिवा जळून राहिला होता. बाटली रिकामी, बाजूला.

तिची चूक नाही. आमच्या गावात आजारी माणसाला पाहायला बाई आली की दिव्याला तेल आणते. मी स्वतः किती घरी नेलं असेल. बारा वर्षांत मीच विसरली.

"पहिल्यांदा देवासाठी काही आणलं तुम्ही," वहिनी म्हणाली. "मले बरं वाटलं, बाई."

मी सांगितलं ते तेल कशाचं होतं. दादा हसला, हसता हसता खोकला. "विझव मंग," म्हणाला.

घरात असा माणूस पडलेला असताना दिवा कोण विझवते? मी खाटेजवळ बसली.

"दादा, एकदा म्हण. येशू माझा प्रभू आहे. मनात म्हटलं तरी चालते."

"म्हणलं तं काय होते?"

"मेल्यावर आपण भेटू."

"अन् माय? थे भेटेल का तिथं?"

माय माझ्या बाप्तिस्म्याच्या दोन वर्षं आधी गेली. जन्मभर लोकांच्या बांधीत धानाचा रोवणा केला. येशूचं नाव तिच्या कानावर कधी पडलं नाही.

"खोटं सांग," दादा म्हणाला. "लहानपणी चांगली खोटी बोलत होती."

"मले माहीत नाही, दादा."

"मंग मी मायजवळ जातो. एकटी हाय थे."

त्यानं डोळे मिटले. मी निघताना वहिनी दारात म्हणाली, "तो दिवा तुमच्याच नावाचा हाय, बाई. तुम्ही परत आपल्यात यावं म्हणून बारा वर्षांपासून तुमचे दादाच लावायला लावतेत."

येताना गाडी वेळेवर होती. कधी नव्हे ते.

अठरा दिवसांनी दादा गेला. शेवटी काही म्हटलं का, मी वहिनीला विचारलं. पाणी मागितलं म्हणाली.

पाळक म्हणाले, देव न्यायी आहे, ताई. मी म्हटलं, त्याचंच तर भेव आहे. आमच्या मंडळीत एक वही आहे, ज्यांचं तारण व्हायचं आहे त्यांची नावं तिच्यात लिहून प्रार्थना करतात. पाळकीणबाई दादाचं नाव खोडायला बसल्या, गेलेल्यासाठी प्रार्थना करत नाहीत म्हणून. मी वही ओढून घेतली. ती अजून माझ्याच घरी आहे. मंडळीत बोलणं चालू आहे, चालू द्या.

तर बहिणींनो, तेल न्यायचं असेल तर पिशवीत ठेवू नका, कमरेला खोचा. आणि गेलेल्या मायबापाचं विचारतील. त्याचं उत्तर माझ्याजवळ नाही, तुम्हाला सापडलं तर मला कळवा.

परवा वहिनीचा फोन आला. म्हणाली, "हे तं गेले. तुमच्या नावाचा दिवा लावू का बंद करू?"

मी म्हटलं, "बंद करा. मी काही परत येत नाही."

"तुम्ही यांच्यासाठी प्रार्थना बंद केली का?"

"नाही."

"मंग मी कायले बंद करू," म्हणाली, आणि फोन ठेवला.