हायकोर्टचं फाटक

गल्लीत त्याला सगळे हायकोर्ट म्हणत. तोंडावर आदराने, पाठीमागे दात काढून. हा फरक त्याला कधी कळला नाही, एवढा तो शहाणा. न्यायालयाच्या नक्कल विभागात कारकुनी करण्यात त्याची हयात गेली. निकाल यायचे, हा त्यांच्या नकला टाइप करायचा आणि शिक्के मारायचा. ढिगांनी निकाल बोटांखालून गेले, डोक्यात एकही शिरला नाही. हे गल्लीला ठाऊक नव्हतं. बायकोला होतं, कारण आमटी खारट झाली तरी तो तिच्याशी कलमांत बोलायचा.

निवृत्त झाल्यावर तर त्याला ऊतच आला. संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला अडवून अक्कल पाजळायची. "सगळ्यात वर राज्यघटना. तिच्याखाली कायदेमंडळाने केलेले कायदे. त्यांच्याखाली सरकारी नियम. संपलं!"

"आणि वरच्या कोर्टाचे निकाल? लोकांची जुनी वहिवाट?" असं कुणी चुकून विचारलंच, तर तो नाक मुरडायचा. "निकाल म्हणजे त्या त्या न्यायाधीशाचं मत. आणि वहिवाट? तो अडाण्यांचा कायदा!" आत कांदा चिरता चिरता बायको पुटपुटायची, "झालं सुरू."

घरामागे इस्त्रीवालीची खोली होती. तिला रस्त्यावर यायचं तर हायकोर्टच्या अंगणातून यावं लागे. दुसरी वाट नाल्याच्या कडेने, सगळ्या वस्तीला वळसा घालून. इस्त्रीचे कपडे डोक्यावर घेऊन तिथून जाणं म्हणजे ते चिखलात नेण्यासारखंच. तिची सासू तरुण होती तेव्हापासून ती माणसं अंगणातूनच जायची. हायकोर्टच्या वडिलांनी कधी हटकलं नाही, आणि परवानगी विचारावी असं त्या माणसांनाही कधी वाटलं नाही. एके दिवशी तिचं गाठोडं हायकोर्टच्या खुर्चीला घासलं. एवढंच निमित्त. दुसऱ्या दिवशी त्याने अंगणाला फाटक बसवून कुलूप ठोकलं.

"काका, असं नका करू. गिऱ्हाइकं तुटतील माझी. पोट आहे हो त्याच्यावर."

"कुठल्या कलमाखाली जातेस? दाखव. लगेच उघडतो."

"अहो, उघडा ते," बायको म्हणाली. "लाज वाटते मला."

"तुला काय कळतं कायद्यातलं?"

इस्त्रीवाली एकदा फाटकावरून चढून गेली, तेव्हा हा तरातरा पोलीस ठाण्यात. "अटक करा तिला!" हवालदाराने जांभई दिली. "काका, वाटेचं भांडण दिवाणी असतं. दिवाणी कोर्टात जा." जन्म कोर्टात काढलेल्या माणसाला दिवाणी काय आणि फौजदारी काय हे हवालदाराने सांगावं! घरी येऊन त्याने हवालदाराचीच अक्कल काढली. दिवाणी कोर्टात मात्र इस्त्रीवाली गेली.

वकील ठेवणं हायकोर्टला कमीपणाचं वाटलं. साक्षीच्या दिवशी तो काळा कोट चढवून निघाला. तो कोट बायकोने मागच्या खिडकीतून देऊन इस्त्रीवालीकडूनच कडक करून घेतला होता. नवऱ्याविरुद्ध तिचं तेवढंच बंड.

इस्त्रीवालीची वकील तरुण होती आणि आवाज फार मऊ. तिने पिंजऱ्यातल्या हायकोर्टला विचारलं, "हिने जायची परवानगी तुमच्याकडे कधी मागितली का?"

"कधीच नाही!" तो गरजला. "हिची सासू माझ्या वडिलांच्या काळापासून जायची. दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, बापाचा रस्ता असल्यासारखी! आणि ही पण तशीच. आम्ही एका शब्दाने अडवलं नाही, हा आमचा चांगुलपणा!"

"आणखी काही विचारायचं नाही," म्हणून वकीलबाई खाली बसल्या. मागच्या बाकावरून बायकोने पाहिलं, न्यायाधीश मान खाली घालून हसू दाबत होते. काय झालं ते तिच्याही लक्षात आलं. पिंजऱ्यातला तो ठोंब्या मात्र कोट सावरत विजयी मुद्रेने उतरला.

निकाल लागला. वर्षानुवर्षं उघडपणे, कुणाला न विचारता, कुणी न अडवता वापरलेल्या वाटेवर वापरणाऱ्याचा हक्क तयार होतो. कायद्यात तसं लिहिलेलंच आहे, वरच्या कोर्टानेही पुन्हा पुन्हा सांगितलेलं आहे, आणि इथे वापर तसाच होता हे प्रतिवादीने स्वतः शपथेवर सांगितलं आहे. वरच्या कोर्टाच्या त्याच निकालांच्या किती नकला याने स्वतःच्या हाताने काढल्या असतील, देव जाणे.

फाटक निघालं. संध्याकाळी हायकोर्ट सवयीने अंगणात बसला. ऐकायला कुणी थांबेना, म्हणून बायकोवर घसरला. "त्या बाईला कायद्यातलं ओ की ठो कळत नाही, तरी जिंकली!"

"तिला कशाला कळायला हवं?" बायको म्हणाली. "तिच्या बाजूने तुम्ही बोललात की."

तेवढ्यात इस्त्रीवाली गाठोडं घेऊन आली.

"काका, पाय जरा आत घ्या."

हायकोर्टने पाय आत घेतले.