माझा दीर आणि गाडीच्या पोटातली घरघर

या, असे जवळ येऊन बसा, आणि आधी दोन शब्द ऐकून घ्या. गाडीतून आवाज यायला लागला की तुम्ही रेडिओ मोठा करता, हे मला ठाऊक आहे. करू नका तसं. मीही आठ दिवस तेच केलं आणि त्यापायी मला माझ्या दिराच्या दारात जाऊन बसावं लागलं. ही शिक्षा काय असते ते सांगते, कारण पेडण्यापासून डिचोलीपर्यंत माणसाला इतकं वैतागवणारा दुसरा माणूस जन्मलेला नाही.

हा माझा धाकटा दीर डिचोलीचा फिटर. खाणी जोरात होत्या तेव्हा खनिजाचे ट्रक त्याच्या अंगणात रांग लावून असत. चाळीस वर्षं त्याने त्या ट्रकांच्या पोटात डोकं घालून काढली. आता ट्रक गेले, अंगणाचा तांबडा रंग तेवढा राहिला, आणि फणसाखाली आमच्यासारख्यांच्या लहान गाड्या येऊन उभ्या राहतात. पण आल्याआल्या गाडीला हात लावील तर शपथ. गाडी गरम असली तर तो बघतच नाही. "इंजिनाक न्हिदूंदी," म्हणतो, म्हणजे झोपू दे त्याला. बिघाड काय तो सकाळी, थंड इंजिन चालू होताना कळतो, असं त्याचं म्हणणं. त्यामुळे सांजवेळी गेलेल्या माणसाने गाडी तिथे ठेवून बसने घरी जायचं. स्वतः मात्र दुपारी नुस्त्याचं हुमण, म्हणजे माशांची आमटी, आणि भात जेवला की एकपासून साडेतीनपर्यंत आडवा. एकदा एका नवरदेवाची फुलं लावलेली गाडी उघडून ठेवली आणि हा जेवायला गेला तो गेलाच. नवरदेव शेवटी मामाच्या स्कूटरवर मागे बसून मांडवात पोचला. त्याचं लग्न टिकलंय, पण तो डिचोलीला परत कधी आला नाही.

आणि सगळ्यात मोठा ताप म्हणजे, आवाज येतो असं नुसतं सांगून त्याला चालत नाही. तो आवाज तुम्ही स्वतः तोंडाने काढून दाखवायचा. बँकेतल्या एका साहेबाला मी माझ्या डोळ्यांनी टायसकट अंगणात उभा राहून "घुर्र, घुर्र" करताना पाहिलंय. वर हा दीर त्याच्या तोंडाकडे टक लावून विचारतोय, "वेग वाढयल्यार वाढता? परत काढ. जरा जाड काढ." एका हेडमास्तरीणबाईंना त्याने तीनदा किंचाळायला लावलं. शेजारचे धावत आले.

तर माझं झालं असं. माझी थोरली बहीण मोरजीला असते, गुडघ्यांनी जागेवर बसलेली. मंगळवारी आणि शुक्रवारी मी गाडी घेऊन जाते, तिचे केस धुते, दोन घास बरे करून घालते. बसने जायचं तर दोन बस बदला आणि परतीची मिळेल की नाही ते देवाला ठाऊक. गाडी आहे म्हणून हे चाललंय. पण गेल्या महिन्यात मोप्याच्या विमानतळाच्या वळणावर बॅटरीने मान टाकली, आणि मुलगा पणजीहून येऊन म्हणाला, "आई, आता आणखी काही निघालं तर गाडी विकून टाकायची. या वयात रस्त्यात उभी राहणार का तू?" त्याला मी आता कसं सांगू, की सकाळी गाडी चालू केली की जात्यावर नाचणी दळल्यासारखा आवाज येतो? तो दर रविवारी जेवायला येतो. म्हटलं, रविवारच्या आत गुपचूप करून घेऊ. बुधवारी गाडी घेऊन डिचोलीला गेले आणि तिथेच राहिले. जाऊबाई गेल्यापासून दीर एकटाच आहे. म्हटलं, चार दिवस माझ्या हातचं जेवील, काम तरी लवकर करील. काय माझी समजूत.

गुरुवारी सकाळी मला उभं केलं अंगणात. "वयनी, आवाज काढ." अडुसष्ट वर्षांची बाई मी, फणसाखाली उभी राहून घरघरले. त्याने बाहेरचा पट्टा काढून ठेवला, गाडी क्षणभर चालू केली आणि मलाच विचारलं, "अजून आसा?"

"आहे की, तस्साच."

"म्हणजे भायलो न्हय. भितरलो."

मग लांबलचक स्क्रू ड्रायव्हर घेतला, टोक इंजिनाच्या झाकणाला टेकवलं आणि मूठ चक्क दातांत धरली. मी म्हटलं, "भावजी, ते कानाला लावतात." त्याने माझ्याकडे बघितलंदेखील नाही. हे त्याचं नेहमीचंच. पाठीमागून बोललं की हा माणूस उत्तर देत नाही. मला वाटायचं, शिष्टपणा.

झाकण उघडलं तेव्हा आत टायमिंगचा पट्टा, आणि त्याला ताण देणारी एक पुली. पट्टा काढून ती पुली त्याने माझ्या हातात दिली. पडायला आलेल्या दातासारखी हलत होती, आणि फिरवली की आतून खरखर बोटांना लागत होती. बेअरिंग सुकून गेलेलं. "ही अडकली काय पट्टो तुटता," तो म्हणाला. "मगे भितरली सगळी एकमेकांच्या कपाळार आपटतात. इंजिन खलास." मोरजीच्या वाटेवर, भर उतारावर झालं असतं तर?

शुक्रवारी म्हापशाहून नवी पुली आणि पट्टा आला. त्याने पुली बोटावर धरून फिरवली. काय सुंदर फिरली, भिंगरीसारखी, थांबेचना. मी खूश. तो म्हणाला, "परत धाडूया."

"अहो, चांगली फिरते म्हणून परत?"

"चड फिरता," म्हणजे जास्तच. "भितर ग्रीस ना. बरी पुली आळशी आसपाक जाय."

आळस त्याला पुलीचाही आवडतो, मी मनात म्हटलं. तिकडे शुक्रवार चुकला म्हणून बहीण फोनवर एक शब्द बोलेना, नुसती श्वास घेत बसली. शनिवारी दुसरी पुली आली ती जेवणाच्या वेळेला. पुढे काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. साडेतीनपर्यंत मी त्या पुलीकडे बघत पायरीवर बसून होते.

रविवारी सकाळी मुलाचा फोन, "आई, घराला कुलूप कसं?" आणि तासाभरात तो डिचोलीला हजर. गाडीचं तोंड उघडं, अर्धं इंजिन चटईवर. मी तांदूळ निवडायला घेतले, मान वर केली नाही. दीर मात्र शांत. पट्टा चढवला, खुणा जुळवल्या आणि इस्त्रीच्या शर्टातल्या माझ्या मुलाच्या हातात पाना दिला. "हातान दोन फेरे घुमय. खंय अडता काय पळय." मुलाने दोन फेरे फिरवले. कुठेच अडलं नाही, खुणा पुन्हा समोरासमोर आल्या. मग सगळं बसवून गाडी चालू केली. दीर पुन्हा स्क्रू ड्रायव्हर दातांत धरून वाकला.

"आवाज आसा?" त्याने विचारलं.

"नाही," मुलगा बॉनेटच्या मागून म्हणाला.

"आवाज आसा रे?"

"नाही म्हटलं ना, काका."

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मुलगा वळसा घालून पुढे आला, त्याच्या तोंडाकडे बघून मान हलवली. मग हळूच म्हणाला, "काका, तुम्हाला ऐकू येत नाही?"

"पाच-सा वर्सां झाली," दीर म्हणाला. "वयनीक सांगू नको. ती मोठ्यान उलयतली. आत्ताच तिचो आवाज साखळी गांवापर्यंत जाता."

मी तीन हातांवर होते. सूप मांडीवर तसंच राहिलं. एवढ्या लोकांना त्याने अंगणात घरघरायला लावलं, आणि मी प्रत्येक लग्नात ते सांगून हसवलं. तो बिचारा त्यांच्या ओठांवरून आणि स्क्रू ड्रायव्हरमधून दातांत येणाऱ्या थरथरीवरून काम करत होता. घरात दुसरं बोलणारं माणूस नसलं की ऐकू येत नाही, हेसुद्धा कोणाला कळत नाही.

मुलाने बॉनेट मिटलं. "काका, आईला चालवू द्यावी का?" त्याने तोंडासमोर उभं राहून विचारलं.

"गाडी बरी आसा. चलयतली ती. आमी कोण?"

मुलाने किल्ली माझ्या पदरात टाकली. "मंगळवारी मोरजीला जाऊन ये," एवढंच म्हणाला. मी गेले. बहिणीने आधी रुसवा दाखवला, मग केस सोडले.

दिराला मी कानाच्या यंत्राबद्दल विचारलं, अर्थात समोर बसून. म्हणतो, "घालीन. पण मगे तुझें सगळें आयकूचें पडतलें." आजवर घातलेलं नाही. आता मी दर सोमवारी डिचोलीला जाऊन येते, आणि आमचं पूर्वीपेक्षा बरं जमतं. भांडतोसुद्धा नीट.

तुम्हीही या की एकदा. गाडी बिघडायची वाट बघू नका, आणि साडेतीननंतर या. आलात की त्याच्या समोर बसा, उजेडाकडे तोंड करून, आणि सावकाश बोला. लवकर या. त्याला माणसं हवी आहेत, तो सांगायचा नाही.