सुळ्याची खरी गोष्ट

पिरंगुटला माझी स्कूटर दुरुस्त करणारा मेकॅनिक गळ्यात रानडुकराचा सुळा घालतो. प्रत्येक गिऱ्हाइकाला तो सुळ्याची वेगळी गोष्ट सांगतो. मला म्हणाला होता, "आज्यानं नुसत्या काठीनं लोळवला, साहेब."

गेल्या आठवड्यात शेतातून खरंच एक रानडुक्कर गॅरेजात घुसलं. त्याचे सुळे दिसताच मेकॅनिक टेम्पोच्या टपावर चढला आणि हात देऊन त्यानं मलाही वर ओढलं. डुकरानं त्याच्या उघड्या डब्यातली भाकरी खाल्ली, मागच्या चाकाला अंग घासलं आणि ओढ्याकडे निघून गेलं. आम्ही टपावरच हसून हसून आडवे झालो.

डोळे पुसत तो म्हणाला, "खरं सांगू का साहेब? आज्या बी असाच झाडावर चढला व्हता. हा सुळा त्याला पुढं कवातरी रानात पडलेला गावला."