रेखाताईंचा व्हायवा

समाजकार्याची डिग्री घेतलेली चार माणसं चहाला भेटली की पाचव्या मिनिटाला 'फिल्डवर्क' निघतंच. नांदेडला बीएसडब्ल्यू करताना आम्ही डायऱ्या भरभरून कॉलेजात जमा केल्या, पण त्यांत न लिहिलेलंच जास्त उरलं. ते आता असं बाहेर येतं.

माझी सुरुवात घरातूनच झाली. आम्ही धर्माबादचे. ॲडमिशन घेऊन आलो तर बाबा म्हणाले, "समाजकार्याला कॉलेज कशाला? गल्लीतली लग्नं, मयती, सगळं मीच निस्तरून राहिलो. मला कुणी दिली का डिग्री?"



*

वर्गात रेखाताई होत्या. वय अडतीस. कंधारकडच्या खेड्यातून रोज एसटीनं यायच्या. सगळं यायचं त्यांना, पण व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, परीक्षक समोर बसले की वाचाच बसायची. दुसऱ्या वर्षी त्यातच नापास झाल्या. शेवटच्या वर्षी त्यांची पोरगीही बारावीला होती. सासूबाईंनी सांगून ठेवलेलं, "एका घरात दोन दप्तरं लई झाली. यंदा पास न्हाई झालीस तर तुझं खाली ठेव."

खरं सांगतो, स्वतःच्या व्हायवापेक्षा मला त्यांच्या व्हायवाची धास्ती होती.

*

पहिलं फिल्डवर्क एका लहानशा गावात. आम्ही सहा जण, गळ्यात आयकार्ड. अर्ध्या तासात पारापाशी लोक आधारची झेरॉक्स घेऊन लायनीत!

"आजी, आम्ही स्कीमवाले नाही," मी समजावलं. "विद्यार्थी आहोत. फक्त निरीक्षण करायला आलोत."

"म्हंजे नुसतं बघायला?" आजी म्हणाल्या. "मग बस की लेकरा, चहा घे. मागचे तर उभ्याउभ्याच बघून गेले!"

रेखाताई तोवर आजींच्या सुनेपाशी बसून कांदा चिरायला लागल्या होत्या. त्या दिवशी खरी माहिती फक्त त्यांच्याच डायरीत आली.

*

आमच्या वर्गातला शिरूर अनंतपाळचा विठ्ठल फार मन लावून शिकायचा. काउन्सेलिंगच्या तासाला सर म्हणाले होते, सल्ला द्यायचा नाही, ऐकायचं. लातूरच्या एका वृद्धाश्रमात तो एका आजोबांसमोर बसला आणि नुसती मान हलवत राहिला. "हं... मग तुम्हाला कसं वाटलं?"

दोन तासांनी आजोबांनी केअरटेकरला हाक मारली. "अहो, या पोराला काय तर झालंय. दोन घंटे मीच बोलून राहिलो. त्याला विचारा तरी, घरी काय तरास हाय!"

*

शेवटच्या वर्षी केस स्टडी. सरांचा नियम कडक होता: माणसाचं नाव बदला, गाव बदला, शेजाऱ्यानं वाचलं तरी ओळख पटता कामा नये. विठ्ठलनं नाव बदललं, गाव बदललं आणि पुढं लिहिलं, 'ही गावातल्या एकुलत्या एक टेलरची बायको'!

सरांनी फाईल परत फेकली. रेखाताईंनी मात्र आपली केस आम्हाला कुणाला वाचूच दिली नाही.

*

व्हायवाला दोघादोघांना आत बोलवत होते. रेखाताईंच्या शेजारच्या खुर्चीत मी. बाहेरगावचे परीक्षक त्यांची फाईल चाळत म्हणाले, "चांगली लिहिलीय. पंधराव्या वर्षी लग्न, चार माणसांसमोर तोंड उघडायची भीती... क्लायंटची परवानगी घेतली होती का?"

ताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. गेलं हेही वर्ष, म्हटलं.

"हाव सर," शेवटी आवाज फुटला. "लई दिवस देत नव्हती. मग दिली."

"आणि फॉलोअप? सध्या काय करते ती?"

ताईंनी मान वर केली.

"आज तिचा व्हायवा हाय, सर!"