गाडी येत नाही अशी गल्ली

गेल्या ऑक्टोबरात, शाळेच्या सुट्टीत, आम्ही तिघींनी इटलीत बोलोन्याला जायचं ठरवलं. तिघी म्हणजे मी, माझी तेरा वर्षांची मुलगी आणि नागपूरहून आलेल्या माझ्या सासूबाई. विमान ठरलं, व्हिसे झाले, बॅगा कुणी उचलायच्या यावरून एक भांडणही उरकलं, आणि घोडं अडलं ते राहायचं कुठे यावर. खरं तर मीच अडवलं होतं. मला अशी गल्ली हवी होती, जिथे गाडी येऊच शकत नाही. सायकल चालेल, स्कूटर चालेल, कचऱ्याचा ट्रक सकाळी खडखडत येऊन गेला तरी चालेल. पण संध्याकाळी दाराशी मोटार थांबल्याचा आवाज नको. निदान एक आठवडा नको.

मुलीला मी कारण सांगितलं पर्यावरण. ती शाळेत झाडंबिडं वाचवणाऱ्या मंडळात आहे, त्यामुळे "दॅट्स ग्रँड, आई" म्हणून तिने लगेच मान डोलावली. शिवाय आमच्याकडे गाडी नाहीच. मला चालवता येत नाही. डब्लिनच्या टोकाला, ल्यूकनला राहून गाडी येत नाही म्हटलं की लोक असे बघतात, जसं काही मी चप्पल न घालता लग्नाला आलेय. बघू देत. बस आहे, पाय आहेत.

खरं कारण वेगळं होतं. माझा नवरा पार आयर्लंडच्या पश्चिमेला, कासलबारच्या हॉस्पिटलात डॉक्टर होता. आठवडाभर तिकडे, शुक्रवारी संध्याकाळी घरी. घराअलीकडचं मेनूथ गाव मागे पडलं की गाडीतूनच त्याचा फोन यायचा, "कुकर लाव." एवढंच. कशी आहेस नाही, काय चाललंय नाही. शिट्ट्या होऊन वाफ जिरेपर्यंत त्याची गाडी दारात. मी चिडायचे, "मी बायको आहे की खानावळ?" तो हसायचा, भातावर तूप वाढून घ्यायचा, आणि पुढच्या शुक्रवारी पुन्हा "कुकर लाव".

दोन वर्षांपूर्वी एका बुधवारी, ड्यूटीवर असतानाच, त्याचं हृदय थांबलं. भोवती सगळे डॉक्टरच. त्यांनी हात टेकेपर्यंत प्रयत्न केले, मला माहीत आहे, तरी बरेच दिवस मला सगळ्यांचाच राग यायचा. त्याचासुद्धा. गाडी तिकडेच राहिली होती. दिवसकार्य उरकल्यावर त्याचा एक मित्र, तिथलाच डॉक्टर, ती पोचवायला आला. बिचाऱ्याच्या लक्षातही आलं नसेल, पण तो निघाला तो शुक्रवार होता. वेळ तीच. वळणावर गिअर बदलल्याचा आवाज तोच, मग हँडब्रेकची करकर. मुलगी "बाबा!" म्हणत जिन्यावरून धावत आली आणि तिने दार उघडलं. मी स्वयंपाकघरात होते. खोटं कशाला सांगू, माझा हात कुकरकडे गेला होता.

गाडी मी महिन्याभरात विकून टाकली. वाटलं, सुटलो. कसलं सुटतोय! आमच्या वसाहतीत सगळी घरं एकसारखी, गाड्याही जवळजवळ एकसारख्या. शुक्रवारी संध्याकाळी सगळे परततात. गाडी वळली की दिव्यांचा उजेड आमच्या छतावरून फिरतो आणि आम्ही बोलता बोलता थांबतो. कुणाच्या तरी दाराशी इंजिन बंद होतं, दार आपटतं, आणि मग आम्ही पुन्हा बोलायला लागतो. मुलगी माझ्याकडे बघत नाही, मी तिच्याकडे बघत नाही. भूतबित मी मानत नाही, दिवसभर सॉफ्टवेअर लिहिणारी बाई आहे मी. पण एकदा गाडी आमच्याच दाराशी थांबली. अगदी आमच्याच. हँडब्रेकचा तो करकर आवाजसुद्धा आला. मी दार उघडलं तर समोरची जागा रिकामी, ओली, आणि हवेत तापलेल्या इंजिनाचा वास. शेजारच्याची असेल असं मी स्वतःला सांगितलं. शेजारी त्या आठवड्यात सुट्टीवर गेलेला होता, हे मला नंतर आठवलं.

तर मला एक शुक्रवार हवा होता, ज्यात कान टवकारून बसायचं नाही.

रविवारी दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही लॅपटॉप उघडून बसलो. सासूबाई समोर मेथी निवडत होत्या. व्हिसासाठी दाखवायला एक बुकिंग केलेलं होतं, स्टेशनजवळचं, रद्द करता येणारं. मुलीला तेच आवडलं होतं, खाली आइस्क्रीमचं दुकान म्हणून. पण बाल्कनी हमरस्त्यावर. मी म्हटलं, छे! दुसरं घर विद्यापीठाजवळ, झकास, पण चौथा मजला आणि लिफ्ट नाही. सासूबाईंच्या गुडघ्यांनी तिथेच नाही म्हटलं असतं. एका घराचे फोटो इतके उजळ, की मेली भिंत कुठे संपते आणि पलंग कुठे सुरू होतो तेच कळेना. मुलगी कंटाळून टेबलावर डोकं टाकून पडली.

आणि मग ते सापडलं. कमानींच्या खालून जाणारी अरुंद गल्ली, दगडी फरशी, तळमजला. आधी राहून गेलेले लोक कुरकुरत होते. टॅक्सी कोपऱ्यावरच सोडते, सामान ओढत न्यावं लागतं, गाडी आत घेतच नाहीत. लोक रडत होते आणि मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन.

"काय पाहून राहिल्या वं मायलेकी?" सासूबाईंनी विचारलं.

मी लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला. "हे बघा आई, किती शांत आहे. इथे गाडी येतच नाही."

"येतच नाही?"

"मनाईच आहे. दारापर्यंत तर कुणीच आणू शकत नाही."

त्यांनी मेथीची जुडी खाली ठेवली. "मंग तो कसा येईन?"

वाटलं, यांचं वय झालं, मुलगा गेल्याचं विसरल्या. मी अगदी हळू आवाजात विचारलं, "कोण, आई?"

"कोण म्हंजे? तुले काय वाटते, मी येडी झाली? माह्यं लेकरू गेलं, मले मालूम हाय." त्या माझ्याकडे नाही, मुलीकडे बघत होत्या. "पन शुक्रवारी दारात येऊन थांबते ना तो. तू आयकते, थे पोरगी आयकते. मी आली तवापासून मी बी आयकून राहिली. नागपूरले तं मले काईच आयकू येत नाही वं. म्हनून तं आली मी इतक्या लांब."

मला राग आला. खरंच आला. मी ज्याच्यापासून आठवडाभर पळू बघत होते, त्या एका आवाजासाठी ही बाई गुडघे दुखत असताना समुद्र ओलांडून आली होती, आणि तीन आठवडे माझ्याच घरात, माझ्याच बरोबर, गप्प बसून ऐकत होती. मी म्हणणार होते, आई, त्या दुसऱ्यांच्या गाड्या असतात. तोंड उघडलंही होतं.

"आय लाइक इट व्हेन ही कम्स," मुलगी म्हणाली. टेबलावरून डोकं न उचलता म्हणाली. "आय डोन्ट वॉन्ट हिम टू स्टॉप, आई."

मग तिने लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि 'पार्किंग' या शब्दापुढच्या चौकोनावर खूण केली. मी तिला अडवलं नाही. माझी कमानींची गल्ली यादीतून नाहीशी झाली. जी घरं उरली, त्यात जुन्या शहराच्याच एका टोकाला, मागे छोटं अंगण असलेलं एक होतं. अंगणात एक गाडी मावेल एवढी जागा. तिघी बिनगाडीच्या बायकांनी ते घर घेतलं.

पैसे भरून झाले तोच मालकीणबाईंचा निरोप आला. जुन्या शहरात नोंद नसलेली गाडी आणली तर दंड होतो, तर तुमच्या गाडीचा नंबर कळवा, मी आधीच परवानगी काढून ठेवते. मी लिहायला घेतलं, आमच्याकडे गाडी नाही. अर्धं लिहिलं आणि पुसलं. त्याच्या गाडीचा नंबर दोन वर्षांत मी एकदाही उच्चारला नव्हता, पण बोटांना तो पाठ होता. मी तो लिहिला आणि पाठवून दिला.

थोड्याच वेळात उत्तर आलं. नोंद झाली, गाडी आता दारापर्यंत येऊ शकते. मी ते सासूबाईंना मराठीत मोठ्याने वाचून दाखवलं आणि वाक्य पुरं व्हायच्या आत मला रडू फुटलं. त्या उठल्या, पदराला हात पुसले आणि माझ्या पाठीवर ठेवले.

"रडू नको वं," त्या म्हणाल्या. "आता त्याले येता येईन."