पाठीवरची हळद

आमच्या घरी बातम्या सांगणाऱ्या बाईंना दोन नाकं होती. एक त्यांचं स्वतःचं, ठसठशीत. आणि दुसरं त्याच्या उजव्या बाजूला, बोटभर अंतरावर, फिकट, पाण्यात उतरल्यासारखं. कपाळावर दोन टिकल्या, गळ्यात दोन मंगळसूत्रं... बाई मान हलवत तेव्हा त्यांच्या कडेला चिकटलेली दुसरी बाईही मान हलवायची. बाहेर भातकापणी सुरू झालेली, खळ्यावरून ओल्या पेंढ्याचा गोडसर वास ओटीपर्यंत आलेला, आणि आत आम्ही सगळे – आई, बाबा, मी आणि कर्जतजवळच्या भिसेगावातली निम्मी आळी – डोळे ताणून त्या दोघींकडे बघत बसलेलो. नेमक्या कुठल्या बाईच्या तोंडाकडे बघून बातम्या ऐकायच्या, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. बाबा खोपोलीला कारखान्यात होते. त्या वर्षी दसऱ्याच्या मुहूर्तावर त्यांनी खोपोलीच्या बाजारातल्या एका दुकानातून टीव्ही घेतला, आणि कारखान्यातल्या ओळखीच्या टेंपोतून तो आमच्या दारात उतरला. लाकडी पेटी, पुढे सरकती दारं, त्यामागे हिरवट करडी, किंचित फुगीर काच. खोका उघडला तेव्हा थर्माकोलचा आणि ताज्या पॉलिशचा असा काही वास घरभर पसरला की, त्यापुढे दाराच्या तोरणातली झेंडूची फुलंही मला शिळी वाटली. छपरावर लोखंडी पाइपाला अँटेना चढला, आळीतल्या पोरांनी टाळ्या पिटल्या, बाबांनी कळ दाबली... आणि काचेवर उगवल्या त्या दोन नाकांच्या बाई.

दुसऱ्या कुणी कपाळाला हात लावला असता. आमच्या बाबांच्या चेहऱ्यावर मात्र तरतरी आली, कारण वस्तू विकत घेताना घाई करणारे बाबा वस्तू परत करताना खुलत. खवट निघालेला नारळ, सर्दावलेली काड्यापेटी, एका पावसात दांडा निखळलेली छत्री – काहीही असो, ते इस्त्रीचा शर्ट चढवत, डोक्यावर टोपी नीट बसवत आणि निघत. ‘पैसं टाकलेत, फुकट नाय आणलं,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कर्जतच्या बाजारात त्यांना लांबून येताना पाहून दुकानदार आतल्या खोलीत जात, असं आई हसत सांगायची. म्हणजे, पूर्वी हसत सांगायची. एका साडीनंतर तिने ते सांगणं बंद केलं.

ती साडी ताईच्या लग्नातली. आईचा धाकटा भाऊ, कळंबचा दामूमामा, आहेर घेऊन आला होता. आईसाठी अंजिरी रंगाची साडी, हिरवे काठ. मांडवात आईने ती उलगडून सगळ्यांना दाखवली, आणि पदराजवळ उदबत्तीचं टोक टेकावं एवढं भोक बाबांच्या नजरेला पडलं. पाहुणे बसलेले, वाजंत्री वाजतेय... बाबांनी साडीची घडी घातली आणि मामाच्या हातात परत दिली. ‘दामू, ही बदलून आण.’ त्यांच्या मनात खोट नव्हती, हे मी आज शपथेवर सांगेन. त्यांना खरोखरच ते दुकानदाराचं आणि मामाचं काम वाटलं होतं. मामाने ती घेतली. साडी काखेत धरून, न जेवता, तो जो गेला तो पुन्हा आमच्या उंबऱ्याला आला नाही. आईचंही कळंबला जाणं सुटलं. कर्जतहून एसटीने घटकाभराचा रस्ता; पण तो रस्ता जणू कुणी नांगरून टाकला होता.

भाऊबीजेला आई चंद्राला ओवाळायची. ज्यांना भाऊ नाही त्या बाया ओवाळतात तशी. माथेरानच्या डोंगरावर बिजेची कोर टेकते न टेकते तोच मावळायची, म्हणून ती निरांजन घेऊन लगबगीने अंगणात यायची, आणि मी तिच्या मागे उभी राहून गोंधळून जायची. भाऊ तर आहे. कळंबला आहे. मग हा चंद्र कशाला? एकदा विचारलंही. आई म्हणाली, ‘गप गं, कोर जाईल.’ तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि निरांजनाच्या उजेडात ते मला स्पष्ट दिसत होतं. माझ्या आईला माहेर हवं होतं. दुसरं काही नको होतं.

तर, टीव्ही. तो दारात उतरला त्या दिवशी आईने एक गोष्ट केली होती. तिच्या माहेरी नव्या वस्तूचं तोंड पुजत नसत, पाठ पुजत. नांगर असो, सायकल असो, शिवणयंत्र असो – मागच्या बाजूला चार कोपऱ्यांत कुंकवाची चार बोटं आणि मधोमध हळदीचा अंगठा. ‘तोंडाला काय, सगळीच भुलतात,’ ती म्हणायची, ‘पाठीला कुणी नको का इचारायला?’ टीव्हीची पाठ भोकाभोकांच्या तपकिरी पुठ्ठ्याची होती. त्या पुठ्ठ्यावर तिने ओली हळद दाबली, आणि पुठ्ठ्याने ती पिऊन टाकली.

तो टीव्ही बाबांनी परत नेला. दुकानात शेठनी तारा जोडल्या तर चित्र स्वच्छ, बाईंना एकच नाक! बाबा चक्रावले, पण हार मानतील तर बाबा कसले. दुसरा टीव्ही मिळाला. घरी आणला, लावला... दोन नाकं. मग आळीत तर्कांना ऊत आला. कुणी म्हणालं वीज कमी पडते, कुणी म्हणालं काच तिरकी आहे, शेजारच्या काकूंना वाटलं की आपण इतकी माणसं टक लावून बघतो म्हणून त्या बाईंना दृष्ट लागते. बाबांचा स्वतःचा निष्कर्ष असा की, खोपोलीच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांनी आतलं चित्र हलतं. म्हणून दुसरा परत करून तिसरा आणताना त्यांनी आईच्या दोन गोधड्या नेल्या आणि तो तिसरा टीव्ही टेंपोत मांडीवर घेऊन आले, तान्ह्या पोराला आणावं तसा. पायांना मुंग्या आलेल्या, चेहरा विजयी. कळ दाबली. बाई उगवल्या. दोन्ही नाकांसकट.

त्या टीव्हीची पूजा अजून व्हायची होती. आईने टीव्हीवर घालायला शिवलेलं फुलाफुलांचं कव्हर आणलं, पेटी जरा फिरवली, आणि ती तिथेच थबकली. मी वाकून पाहिलं. तपकिरी पुठ्ठ्यावर चार कोपऱ्यांत कुंकवाची चार बोटं, मधोमध हळदीचा अंगठा.

बाबांच्या डोळ्यांत लकाकी आली. ‘आपलाच डबा! पयला नेला तोच शेठनी फिरवून आपल्याच गळ्यात मारला. थांब, उद्या बघतोच त्याला.’

 आई खाली बसली, निरांजन जवळ ओढून घेतलं आणि त्या हळदीच्या ठशावर स्वतःचा अंगठा टेकवला. ठसा मोठा होता, तिच्या अंगठ्याबाहेर चारी बाजूंनी उरत होता. आणि त्याच्या मधोमध एक आडवी, कोरी रेघ होती.

‘ह्यो माझा अंगठा नाय,’ ती म्हणाली. मग अंगठा उचलून, ‘ह्यो दामूचा हाय.’

लहानपणी तिला ताडगोळे सोलून देताना मामाच्या अंगठ्यावर कोयता बसला होता, हे आम्हाला ठाऊक होतं. तिनेच पदर फाडून तो बांधला होता. जखम भरली, रेघ राहिली.

मला काहीच उमगेना. मामाचा अंगठा आमच्या टीव्हीवर कसा? बाबांना मात्र लगेच उमगलं, पण भलतंच. ‘म्हंजे दुसऱ्याचा परत आलेला माल शेठनी नवा म्हणून दिला!’ त्यांनी खुंटीवरची सुंभाची दोरी काढली आणि खोका पुढे ओढला. आयुष्यभर ज्या दिवसाची वाट पाहिली तो त्यांचा दिवस आला होता. एवढा सच्चा, एवढा बिनतोड दोष त्यांना कधी सापडला नव्हता.

‘दोरी ठेवा खाली,’ आई म्हणाली.

‘अगं, पण वापरलेला माल...’

‘ह्यो डबा परत जाणार नाय. गेलाच, तर त्याच्या मागनं मी पण गेले समजा.’

आईने बाबांना असं काही म्हटलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही. बाबा दोरी हातात धरून उभे राहिले. काचेत बातम्या संपल्या होत्या, दोन-दोन गाणारे दोन-दोन तंबोरे लावत बसले होते. मग बाबांनी दोरीची गुंडाळी केली आणि ती खुंटीला पुन्हा अडकवली.

दुसऱ्या दिवशी ते खोक्याशिवाय दुकानात गेले. रात्री जेवताना, ताटाकडे बघत, त्यांनी सांगितलं, की कळंबच्या एका गिऱ्हाइकाच्या घरीही अशाच सावल्या दिसत होत्या. त्याने परत केलेला टीव्ही आमच्याकडे आला, आणि आमचा पहिला त्याच्याकडे गेला. आईने भाताचा घास तसाच हातात धरला. ‘त्याने डब्याची पाठ फिरवून बघितली असंल का हो?’ तिने विचारलं.  मला तो प्रश्नच नीट कळला नव्हता.

सगळ्या गोंधळाचं मूळ मला पुढे कॉलेजात गेल्यावर समजलं. दोष कुठल्याच टीव्हीत नव्हता. मुंबईहून निघालेलं चित्र एकदा माथेरानवरून थेट आमच्या छपरावर येई, आणि एकदा आमच्या पाठीमागच्या घाटावर आपटून, मागे फिरून, जरा उशिरा. तीच ती सावली. डोंगर काही बदलून मिळत नाहीत... पण तेव्हा हे कुणाला ठाऊक? आम्ही आपले पेट्या बदलत होतो, आणि शेठ त्या गावोगाव फिरवत होते.

भाऊबीजेच्या सकाळी बाबांनी इस्त्रीचा शर्ट चढवला, टोपी घातली. आईने विचारलं, कुठे? ‘कळंबला. तिकडं चित्र कसं दिसतंय बघून येतो.’ एवढंच. दुपार झाली, तिन्हीसांजा होत आल्या, बाबांचा पत्ता नाही. उटण्याचा आणि तिळाच्या तेलाचा वास अजून अंगाला होता, खळ्यावर भारे रचून झाले होते. माथेरानमागचं आभाळ केशरी झालं तशी आईने सवयीने निरांजन लावलं आणि ती अंगणात आली. कोर दिसू लागली होती. तिने तबक वर उचललं, आणि तेवढ्यात फाटक वाजलं.

फाटकात बाबा होते. आणि त्यांच्या उजव्या अंगाला, जरासा मागे, अजून एक माणूस, अंधूक. मी डोळे चोळले. दसऱ्यापासून माणसांच्या कडेला माणसं बघून माझ्या डोळ्यांची खात्री उरली नव्हती. पण बाबा पायरीपाशी थांबले तरी ती सावली थांबली नाही. ती पुढे आली. तिच्या काखेत कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

‘दाजी म्हनले, साडी दे,’ दामूमामा आईला म्हणाला.  ‘बदलून नाय मिळाली, बाय. तीच आणलीय.’

‘तीच पायजे,’ बाबा मागून म्हणाले. जन्मभर वस्तू परत करत आलेला हा माणूस, परत केलेली वस्तू मागायला पहिल्यांदाच गेला होता.

आईने तबक खाली घेतलं. ‘आणि डबा?’ तिने विचारलं. ‘आमचा डबा?’

‘हाय घरात. एकाची दोन-दोन माणसं दिसतात. पाठ बघितली नि मंग परत नाय केला.’

आईने त्याला तिथेच, अंगणात, उभ्यानेच ओवाळलं. पाट मांडायचंही कुणाला सुचलं नाही. कोर केव्हा मावळली ते मी पाहिलं नाही.

आता बाबा नाहीत, मामाही नाही. टीव्ही भंगारात गेला, आणि तो देताना पाठीचा पुठ्ठा काढून घ्यावा एवढी अक्कल मला तेव्हा नव्हती, याची हळहळ आजही वाटते. आईच्या अंजिरी साडीची गोधडी झाली. ती मात्र आहे. भोक शोधावं लागत नाही, हात फिरवला की बोट आपोआप तिथे जातं.

परवा मी कॉम्प्युटरचा नवा मॉनिटर मागवला. लावला, तर पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात एक बारीकसा काळा ठिपका, पुसून न जाणारा. लेकीने तिच्या फोनवर लगेच बघितलं. ‘बदलून मिळतो गं आई, घरी येऊन घेऊन जातात. उद्यापर्यंत मुदत आहे.’ मी बरं म्हटलं. ती आंघोळीला गेली. मी स्वयंपाकघरातून हळद भिजवून आणली, मॉनिटर फिरवला, आणि त्याच्या काळ्या, गुळगुळीत पाठीवर मधोमध अंगठा दाबला.

ती केस पुसत बाहेर आली आणि बघतच राहिली. ‘अगं, हे काय केलंस? आता ते परत घेणार नाहीत!’

‘म्हणून तर,’ मी म्हटलं.