रबरी किड्यावरचा जिताडा

मी चौथीपर्यंत शिकलो. आडवळणाने लिहायला मला जमत नाही. बायको गेली आणि महिन्याभरात मुलगा मला हॉलंडात, डेल्फ्टला घेऊन आला. थोडे दिवस राहून परतायचं होतं. पण साथ आली, विमानं बंद झाली, आणि भाद्रपद लागला तरी मी इथेच.

नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईचं ताट पितृपक्षात अहेव नवमीला मांडतात. आमच्या पेणच्या खाडीकाठी त्या ताटात जिताडा मासा लागतो. तो विकतचा चालत नाही, घरच्या माणसानेच धरलेला हवा. ताट ठेवताना कोणी धरला ते मोठ्याने सांगायचं, ही आमच्या घरची रीत. बायकोने जन्मभर मासळी विकली, पण सासूच्या ताटाला दुसऱ्याच्या टोपलीतला मासा कधी घेतला नाही. आता तिचं ताट होतं, आणि धरणारा मी. तेवढंही जमलं नाही तर नवरा कसला?

मुलगा म्हणाला, "बाबा, सुपरमार्केटमध्ये सॅल्मन मिळतो."

"तुझी आई सॅल्मनला ओळखते का रे?"

तो लॅपटॉपमध्ये तोंड घालून बसला. बोलली ती सून. पुण्याची पोर. तिच्या माहेरी अंडंसुद्धा शिजलेलं नाही. "बाबा, इथल्या समुद्रात बास नावाचा मासा असतो. हा फोटो बघा." बघितला. जिताड्याचा धाकटा भाऊच. तसंच चांदीचं अंग, तसाच पुढे आलेला खालचा जबडा.

तिने गळाची काठी मागवली. सोबत एक पाकीट आलं. त्यात बोटाएवढे लांब, मऊ, लिबलिबीत किडे.

"हे काय गं? रबराचे?"

"जिवंत किडे मी घरात ठेवणार नाही. आणि ते गळाला टोचायचे पण नाहीत."

"किड्याची दया येते, आणि माशाची?"

"त्याचीही येते. पण आईंना मासा लागतो ना."

मी पाकीट उचलून पिशवीत टाकलं.

नवमीच्या आदल्या दिवशी तिने कामावर सुट्टी टाकली आणि गाडीने मला हुक व्हान हॉलंडला नेलं. तिथे समुद्रात लांबवर गेलेला दगडांचा धक्का आहे. गळवाले दीड-दीड मीटर सोडून उभे होते. वाऱ्याने डोळ्यांत पाणी येत होतं. वाऱ्यानेच येत होतं असं नाही.

भरती चढू लागली. गळाला टक् झालं. मी थांबलो. कोळंबी लावून गळ टाकायचो तेव्हाची सवय. जिताड्याला गिळू द्यावं, मग ओढावं. ओढलं तर गळ रिकामा. परत टक्, परत रिकामा. असं दुपारपर्यंत चाललं. पलीकडचा डच गळवाला सुनेला लांबूनच ओरडून हातवारे करून सांगत होता.

"बाबा, ते म्हणतात रबर आहे, मासा लगेच थुंकतो. टक् झालं की ओढा."

"त्याच्या बापाने जिताडा बघितलाय का?" मी म्हणालो. पण पुढच्या टक्ला ओढलं, आणि मासा आला. वीतभरच, त्याहून थोडा जास्त.

सुनेने टेप काढली. इथे बेचाळीस सेंटिमीटरखालचा सोडावा लागतो. "बाबा, सोडा."

"कोण बघतंय? उद्या नवमी आहे."

"आईंनी असलं पिल्लू टोपलीत घेतलं असतं?"

नसतं घेतलं. एकदा मी आणलं होतं, तर भर बाजारात म्हणाली, "आईचं दूध पिणारं आणलंस, मेल्या!" मी मासा पाण्यात सोडला आणि दगडावर जाऊन बसलो. हात भरून आले होते. काठी सुनेकडे दिली.

तिचा गळ कुठे पडत होता ते बघवत नव्हतं. दोनदा दगडात अडकला. मग एकदा टक् झालं, आणि या पोरीने क्षणभर न थांबता असा हिसका दिला की काठी कमानीसारखी वाकली. "बाबा, धरा, धरा!"

"मी नाही धरणार. तुझा आहे, तूच आण. दोरी सैल सोडू नको!"

तिने आणला. ओरडत, रडत, पण आणला. टेपच्या खुणेच्या चांगला पुढे शेपूट होतं. मारायचं काम मी केलं, तिने तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी नाकाला ओढणी बांधून तिनेच कालवण केलं. मी बाजूला उभा राहून चिंच किती, मिरची किती, ते सांगत होतो. मीठ थोडं कमी पडलं. बायको नक्की बोलली असती.

खिडकीपाशी फोटोसमोर ताट ठेवलं. मुलगा बघत होता, मी कोणाचं नाव घेतो ते. मी मान ताठ केली आणि मोठ्याने सांगितलं, शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्याने,

"तुझ्या सुनेने धरलाय. घरचा आहे. जेव."